सतरंजी अंथरली की शाळा भरते

2025 च्या सप्टेंबरात सीना नदी गावागावांत शिरली तेव्हा नुकते घट बसले होते. लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि नदीकाठच्या चार वस्त्यांची माणसं एका मंगल कार्यालयात येऊन राहिली. मी निवृत्त शिक्षिका आहे. मोहोळ आणि दक्षिण सोलापूर या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. तिसऱ्या दिवशी मी तिथं पोचले तेव्हा बायका भाकरी थापत होत्या, पुरुष तलाठ्याची वाट बघत होते आणि पन्नासेक पोरं चुलीजवळ, जिन्यात, मोटारसायकलींच्या मधे नुसती बसून होती. एका छताखाली एवढी पोरं आणि गलका नाही! बाईच्या पोटात गोळा येतो अशानं.

पुढच्या वेळी माझ्या जागी उभं राहावं लागेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अंगणवाडी सेविका असतील, शिक्षक असतील, बिस्किटांचे खोके घेऊन आलेली कॉलेजची पोरं असतील, नाहीतर छावणीतलीच एखादी आई असेल. माझं म्हणणं एवढंच, की पूर ओसरून वर्ग उघडेपर्यंत शिक्षण थांबवायचं नाही आणि ते पाटी-पुस्तकानं सुरू करायचं नाही, खेळानं करायचं. आपल्याकडं पूर आला की माणसांना हलवतात शाळेतच. म्हणजे घर जातं त्याच दिवशी मुलाचा वर्गही जातो. मग वर्ग दुसरीकडं उभा करायला हवा, आणि तो एका सतरंजीवर उभा राहतो.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक झोपले होते. आमच्या सोलापुरातही भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली. मी तेव्हा नोकरीत नवी होते. आठवड्याभरानं आम्ही काही जण चादरी आणि धान्य घेऊन तिकडं गेलो. तिथं चार-पाच मुलं दगडावर दगड रचून घर करायची आणि एकानं ‘आला’ म्हटलं की सगळी मिळून ते पाडायची. पुन्हा रचायची, पुन्हा पाडायची. मी पुढं होऊन दगड गोळा केले आणि म्हटलं, ‘असलं काही खेळू नये, बाळांनो.’ मुलं उठून गेली. त्या दिवशी मी त्यांच्या हातातलं एकुलतं एक औषध काढून घेतलं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. भूकंपानं घर पाडलं तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. खेळात पाडणारे तेच होते आणि उभं करणारेही तेच होते.

आधी जागा, मग वेळ, खेळणी सगळ्यांत शेवटी

जागा निवडताना चार गोष्टी बघा. चुली आणि गॅसपासून लांब हवी, वाहनांची ये-जा नको, साचलेलं पाणी जवळ नको आणि आयांना बसल्या जागेवरून मूल दिसायला हवं. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. नुकत्याच पुरातून निघालेल्या आईला मूल नजरेआड चालत नाही, आणि मुलालाही आई दिसत नसेल तर त्याचं लक्ष खेळात लागत नाही. पुरानंतर साप-विंचू कोरड्या जागेलाच येतात, म्हणून सतरंजी टाकण्याआधी कोपरे आणि खोके काठीनं हलवून घ्या. चिखलात, डबक्यात अनवाणी खेळू देऊ नका. गुराढोरांच्या, उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. सतरंजीभोवती सुतळी नाहीतर खडूची रेघ ओढा. रेघेच्या आत आला तो शाळेत आला.

मग वही काढा. मुलाचं नाव, वस्ती, सोबत कोण आहे आणि न्यायला कोण येणार, एवढं लिहा. त्या नावाखेरीज दुसऱ्या कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, ‘मी त्याचा मामा’ म्हटलं तरी नाही. एकट्या मोठ्या माणसानं मुलं घेऊन बसायचं नाही, दोघं हवेतच. पंचवीस मुलांवर दोन माणसं असा हिशोब मी ठेवते. कुणाचंच कुणी सोबत नाही असं मूल दिसलं तर लगेच 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा.

वेळेबाबत मी हट्टी आहे. सकाळी साडेनऊ ते अकरा, दुपारी चार ते साडेपाच. पाऊस असो, मंत्री येवोत, वाटप चालू असो, साडेनऊला टाळी वाजणार म्हणजे वाजणार. या दिवसांत मुलाला पुढच्या तासाला काय होणार ते माहीत नसतं. जेवण कधी, झोपायचं कुठं, बाबा कधी येणार, सगळं अधांतरी. अशा वेळी एक गोष्ट रोज ठरल्या वेळी घडते, एवढ्यानंच मूल सैल होतं. चौथ्या दिवशी मी पाच मिनिटं उशिरा गेले तर एक चिमुरडी सतरंजीच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी. ‘बाई, कुठं होताव? आमी कवापासनं बसलाव!’

दीड तासाची घडीही रोज एकच. आधी गोल करून हजेरी, पण ‘हजर’ म्हणायचं नाही. प्रत्येकानं आपल्या टाळीची चाल वाजवायची आणि बाकीच्यांनी ती परत वाजवायची. मग अंग हलवणारा खेळ, मग बसून हातांचा खेळ, मग गोष्ट, शेवटी पुन्हा गोल. धावपळ आधी ठेवायचं कारण असं, की भेदरलेलं अंग मोकळं झाल्याशिवाय डोकं चालत नाही.

चादर

आमच्या जिल्ह्यात मदत म्हणून आणखी काही येवो न येवो, चादर येतेच. एक जाड सोलापुरी चादर घ्या, भोवती दहा-बारा मुलं उभी करा, सगळ्यांनी काठ घट्ट धरायचा. जुन्या ओढणीचा गुंडाळून चेंडू करा आणि मधे टाका. सगळ्यांनी मिळून उडवायचा आणि मोजायचं. पडला की पुन्हा एकपासून. आमचा पहिल्या दिवशीचा आकडा सहा होता, आठव्या दिवशी एक्केचाळीस. लहानांनी एकेक मोजायचं, दुसरी-तिसरीच्यांनी दोन-दोननं, पाच-पाचनं. कुणी एकटा जोरात ओढू लागला तर चेंडू जातोच, त्यामुळं एकमेकांचा अंदाज घेणं आपोआप शिकतात. पायानं अधू असलेलं मूल असेल तर सगळेच बसून खेळा. आणि जे मूल काही बोलत नाही, कशात येत नाही, ते चादरीचा एक काठ मात्र धरतं. धरू द्या. तेवढंही पुष्कळ आहे.

खेळ संपला की चादर पसरून नक्षी बघा. सुलट्या बाजूला जो रंग जमिनीचा तोच उलट्या बाजूला नक्षीला येतो. मोर किती, दोन फुलांमधे किती चौकडे, पुढची फुलाची रांग कुठं येईल? भूमितीचा अख्खा धडा त्या चादरीत विणलेला आहे.

चिंचोके

चिंचोका फोडून दोन फाका करा. बाहेरची बाजू तपकिरी, आतली पांढरी. दहा फाका मुठीत घेऊन टाकायच्या. पांढऱ्या सात, तपकिरी तीन. पुन्हा टाका, सहा आणि चार. पंधरा मिनिटांत पहिलीतलं मूल दहाच्या सगळ्या जोड्या तोंडपाठ म्हणतं, आणि पाढा म्हटल्यासारखं कंटाळत नाही.

मोठ्यांना चारच फाका द्या आणि तक्ता करायला लावा. पांढऱ्या किती पडल्या ते शंभर वेळा टाकून लिहायचं. एकही नाही किंवा चारही पांढऱ्या असं क्वचित पडतं, दोन-दोन सगळ्यांत जास्त. असं का, हे त्यांनाच शोधू द्या. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं तर चार फाकांचे सोळा प्रकार होतात. त्यांत दोन पांढऱ्यांचे सहा आणि चारही पांढऱ्यांचा एकच. खरा चिंचोका एका बाजूला जास्त कलतो, म्हणून तक्ता थोडा वेगळा येतो, आणि मुलं त्यावर भांडतात. भांडू द्या, याचंच नाव गणित. सातवीतल्या एका मुलानं तर कोणती फाक खोडी करते ते एकेक टाकून शोधून काढलं.

एक ताकीद. तीन वर्षांखालचं मूल जवळ असेल तर चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची झाकणं बाहेर काढू नका. तोंडात जातात, घशात अडकतात. त्यांच्यासाठी बिस्किटांचे रिकामे खोके पुरतात. आत बसायचं, रचायचं, ढकलायचं.

कुणी बाद होत नाही

संगीत खुर्ची नको. ज्याचं घर गेलं त्याची खुर्चीही काढून घेऊ नये. लंगडी असो, टिक्कर असो, पहिले पंधरा दिवस ‘आऊट’ हा शब्दच आम्ही बंद ठेवला.

डोंगराला आग लागल्याचा, पळापळीचा खेळ सगळ्या शाळांत खेळतात. गोलात पळायचं आणि बाईंनी आकडा पुकारला की तेवढ्यांचा गट करायचा. खेळ उत्तम, पण ‘पळा पळा’ म्हणताच एक मुलगा जागच्या जागी थिजला. त्यानं ती हाक चार दिवसांपूर्वी मध्यरात्री खरोखरची ऐकली होती. मी थांबले आणि मुलांनाच विचारलं, आपण दुसरं काय म्हणू या? त्यांनी ठरवलं, ‘डोंगरावर चिंचा लागल्या, चला चला चला!’ मग तेवीस पोरं, मी पुकारलं ‘चार’. पाच गट झाले, तिघं उरली. ती ‘बाकी’. बाकी उरलेल्यांनी पुढचा आकडा पुकारायचा. भागाकार शिकवताना बाकी म्हणजे काय हे सांगून माझा घसा वर्षानुवर्षं कोरडा पडला होता. इथं बाकी होण्यासाठी मुलं धडपडत होती.

दोन-तीन भाषांतलं मोजणं

हे सोलापुरातच इतकं सहज जमतं. छावणीत कन्नड बोलणारी तीन घरं होती आणि त्यांची मुलं गप्प असायची. टिक्करचे चौकोन आखले आणि त्यांच्यातल्या थोरलीला म्हटलं, तू तुझ्या भाषेत मोज. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं कन्नडमधून उड्या मारत होती आणि ती पोर मास्तरीण झाली होती. शहराच्या पूर्वभागात हेच तेलुगूत करा: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, ऐदु. ऐदु दोन्हींत सारखं निघतं, हे मुलांनाच सापडू द्या.

हा खेळ मला 2020 नं दिला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, माग थंडावले. घरात एकच फोन, तोही बापाबरोबर बाहेर. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आधीच आणले होते आणि त्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा आम्हां सगळ्या शिक्षकांची मान उंच झाली. पण ज्या घरात कोड वाचायला फोनच नव्हता, तिथं मी तोंडाला मास्क लावून जायची आणि लांब-लांब चौकोन आखून एकेका पोराला त्यात उभं करायची. पुरात तर वीजही जाते, म्हणून दोन्ही तयारी ठेवा.

खिरापत ओळखा

नवरात्राचे दिवस होते. दरवर्षी मुली हादग्याचा फेर धरतात, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची असते. त्या वर्षी घराघरांतून खिरापत कुठून येणार? मी रिकामा डबा घेतला आणि त्यात रोज एक वस्तू लपवली: खडू, बटण, शेंग, कुलपाची किल्ली. वीस प्रश्नांत ओळखायचं, मी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार. पहिल्या दिवशी मुलं सुटली, ‘पेन आहे? चमचा आहे? साबण आहे?’ वीस प्रश्न संपले. तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, ‘खायचं आहे का?’ मी तिथं खेळ थांबवून सगळ्यांना विचारलं, या एका प्रश्नानं किती गोष्टी उडाल्या? तिथून पोरांना प्रश्नाचं वजन कळलं. उत्तर येण्याची घाई सोडून अर्धं जग बाजूला सारणारा प्रश्न शोधायचा. पाचवी-सहावीच्या मुलांना विज्ञानातलं वर्गीकरण याहून चांगलं शिकवता येईल असं मला वाटत नाही.

भातुकली, आणि तिथं आपण काय करायचं

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथंच मोठ्यांचा हात चुकतो.

पाचव्या दिवशी कोपऱ्यात भातुकली मांडली गेली. झाकणांची भांडी, खोक्याचं घर, चिंधीची बाहुली. थोड्या वेळानं एक सात वर्षांची मुलगी कागद-पेन्सिल घेऊन आली आणि खोक्यासमोर उभी राहिली. ‘पंचनामा करायचाय. किती भांडी गेली? शेळ्या किती?’ दुसरी सांगायला लागली आणि हिनं सगळं लिहून घेतलं, म्हणजे रेघोट्या ओढल्या. मग म्हणाली, ‘अंगठा द्या.’ ऐकत उभ्या असलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. माझे डोळे कोरडे राहिले असं मी म्हणणार नाही.

अशा वेळी तीन गोष्टी करू नका. थांबवू नका, हसू नका, फोटो काढू नका. जवळ बसा, हाताला काहीतरी काम ठेवा आणि बोलावलं तरच खेळात शिरा. मला एकदा म्हातारी व्हायला सांगितलं, मी झाले. ‘पूर आला तेव्हा तुला काय वाटलं?’ असं मुलाला खोदून विचारू नका आणि ‘पुराचं चित्र काढ’ असंही सांगू नका. कागद-रंग ठेवा. काढायचं असेल तर ते काढेल, नाहीतर ट्रॅक्टर काढेल. ट्रॅक्टरही चांगलाच आहे.

कधी कधी खेळ एकाच जागी अडकतो. एक मुलगा रोज बाहुली पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि तिथंच थांबायचा, चेहरा दगडासारखा. चार दिवस मी बघितलं. पाचव्या दिवशी त्याच्या शेजारी सुतळीचा तुकडा ठेवला आणि एवढंच म्हटलं, ‘आता कोण येतंय बरं?’ दोन दिवसांनी त्यानं सुतळी उचलली. सगळ्यांचं असं होत नाही. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं हे सुरुवातीला बहुतेकांचं होतं आणि हळूहळू जातं. पण महिना उलटला तरी मूल खात-बोलत नसेल, झोपत नसेल, किंवा स्वतःला इजा करत असेल, तर खेळावर भिस्त ठेवू नका. ग्रामीण रुग्णालयात न्या. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

लोक विचारतील

‘घरदार वाहून गेलं आणि बाई खेळ काय घेतायत?’ हे मला तोंडावर ऐकवलं गेलं. बोलणाऱ्या आजोबांचं दुःख मोठं होतं, मी वाद घातला नाही. त्यांना मुलांसमोर बसवलं आणि त्यांच्या लहानपणची विटी-दांडूची मापं सांगायला लावलं. खेळणं हा मुलांचा हक्क आहे, हे 1989 च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात कलम 31 मध्ये लिहिलेलं आहे आणि भारतानं तो करार 1992 साली मान्य केला, हे सरपंचांना आणि अधिकाऱ्यांना जरूर सांगा, जागा मागताना उपयोगी पडतं. आजोबांना सांगायची गरज नाही.

आणि खेळणी वाटायला येणाऱ्यांना हात जोडून थांबवा. एक गाडी आली, तीस पोरांपुढं बारा प्लास्टिकच्या मोटारी टाकून, फोटो काढून निघून गेली. मी आठवडाभर जुळवलेला गोल दहा मिनिटांत फुटला. काही द्यायचंच असेल तर सतरंजीला द्यावं, एकेकट्या मुलाला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडं बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, पानं, बिया यांवर. मुलं शाळेपर्यंत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. छावणीला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

तेरा-चौदा वर्षांच्यांना विसरू नका. मुली पाण्याच्या रांगेत आणि धाकट्या भावंडांत अडकतात, त्यांना कुणी मूल समजतच नाही. त्यांना धाकट्यांसकट बोलवा आणि दुपारच्या खेळाची जबाबदारी द्या. सकाळचा अर्धा तास मात्र त्यांच्या स्वतःच्या अभ्यासाचा ठेवा.

गावात परतल्यावर

शाळेच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहते. ती पुसण्याआधी मुलांना मोजू द्या, आधी वितीनं, मग हातानं, मग टेपनं. प्रत्येकाची वीत वेगळी, म्हणून उत्तर वेगळं, म्हणून टेप लागतो. मग गावाचा नकाशा जमिनीवर काढा आणि पाणी कुठवर आलं ते राखेनं दाखवा. कोरडं राहिलं तिथं दगड ठेवा. पुढच्या पावसाळ्यात कुठं पळायचं ते चौथीतलं पोरही मग बोटानं दाखवतं.

आणि मे महिन्यातच एक पोतं भरून ठेवा: चादर, सुतळी, खडूचा डबा, ओढणीचा चेंडू, चिंचोक्यांची पिशवी, झाकणं, वही, दोन पेन्सिली, शिट्टी, साबण. वही-पेन्सिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पोतं कपाटाखाली सरकवू नका. खुंटी ठोका, आणि ती भिंतीवरच्या त्या रेघेच्या हातभर वर ठोका.